दातवाल्या बाईंची खुर्ची आणि खुडूक मास्तरीण

...नाही, तुम्हीच सांगा, यात माझं काय चुकलं? दातांच्या डॉक्टरीणबाईंनी खुर्ची दुरुस्तीला दिली, मी घेतली. उंच पाठीची, दोन्ही बाजूंना कान असलेली, त्यांच्या वडिलांची आवडती खुर्ची. घेतली आणि फाडली. आता फाडल्याशिवाय दुरुस्त कशी करणार? जुना काथ्या उपसला, नवा भरला, वर छान मऊ कापूस पसरला, आता फक्त कापड ताणून चुका मारायच्या... चुका म्हणजे ते बारीक खिळे हो! आमच्या धंद्यात चुका होत नाहीत, आम्ही त्या मुद्दाम मारतो. तर चुका मारणार, एवढ्यात एका मोठ्या हॉटेलातून बोलावणं आलं, शंभर खुर्च्या एकदम बसल्या म्हणे. गेलो. पंधरवडा तिकडेच. परत येतो, कारखान्याचं दार उघडतो, कारखाना कसला, घरामागची पत्र्याची शेड ती, अंगणाकडचं दार कायम उघडंच, तर काय? खुर्चीत कोंबडी!

आणि नुसती बसलेली नाही, तुम्हाला सांगतो, ऐसपैस! माझ्या काथ्यात खड्डा करून, माझा कापूस अंगाभोवती लपेटून, दोन्ही कानांच्या मधे अशी बसली होती, की मलाच वाटलं, आपण चुकून हिच्या केबिनमध्ये शिरलो. मी म्हटलं, "हुश्श!" तिनं माझ्याकडे पाहिलं. म्हटलं, "अगं हुश्श!" तिनं पिसं फुलवली, होती त्याच्या दुप्पट झाली, आणि घशातून असा आवाज काढला... र्र्र्र्र... की मीच बाहेर आलो. माझ्याच शेडमधून! अहो, मी गादीवाला माणूस. मला कोंबडीतलं काय कळतं?

कोंबड्या माझ्या नव्हेतच. कोंबड्या सासूबाईंच्या. सासूबाई आमच्याकडे कायमच्या राहायला आल्या, आम्हाला आनंदच झाला, झाला की नाही, झालाच. टेम्पोतून एक ट्रंक उतरली, एक पंखा उतरला, आणि मग कोंबड्या उतरायला लागल्या. उतरतायत... उतरतायत... मी टेम्पोवाल्याला म्हटलं, "बाबा, अजून किती?" तो म्हणाला, "साहेब, मला पण आवाजावरूनच माहीत आहे." त्यातलीच ही एक. मान ताठ करून चालते, दुसऱ्या कोंबड्या दाण्यावर तुटून पडल्या की ही आधी सगळ्यांकडे डोळे वटारून बघते, म्हणून सासूबाईंनी नाव ठेवलंय मास्तरीण.

मी धावत घरात गेलो. म्हटलं, "आई, तुमची मास्तरीण माझ्या गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसलीय!"

सासूबाई शेडमध्ये आल्या. कमरेत वाकल्या. मास्तरणीच्या पोटाखाली हात घातला, ती त्यांना काही करत नाही हं, चोच फक्त माझ्यासाठी! आणि सासूबाईंच्या चेहऱ्यावर असं काही हसू उमटलं, की आमच्या लग्नातसुद्धा मी ते पाहिलं नव्हतं. "जावईबापू, खुडूक बसलीय हो! नऊ अंडी आहेत खाली!"

"मग आता उठेल कधी?"

"तीन आठवडे. पिल्लं निघेपर्यंत."

"तीन आठ... आई, खुर्ची द्यायचीय! आपण तिला अलगद उचलू, शेजारी खोक्यात ठेवू..."

"हलवायचं नाही!" असं ओरडल्या, की मीच जागच्या जागी हललो. "एकदा जागा मोडली की उठून जाते ती. अंडी थंड पडतात. आतल्या जिवांचं पाप कोण घेणार?" आणि तिथून जे ऐकून घेतलं... खुडूक कोंबडीला अंधार लागतो, शांतता लागते, आडोसा लागतो, शेजारी पाणी, मूठभर दाणे, दिवसातून एकदा उठून पाय मोकळे करू द्यायचे, आणि मुख्य म्हणजे धक्का लागू द्यायचा नाही. मी मनात म्हटलं, हे सगळं मलाही लागतं, मला कधी मिळालंय?

पण खरी गोष्ट पुढेच आहे. मास्तरीण आपलं खुराडं सोडून माझ्या खुर्चीत आली कशाला? तर तिला तिथे भीती वाटायला लागली होती. मी हॉटेलात चुका मारत होतो तेव्हा इकडे कोंबड्या पळवल्या जात होत्या! आधी पांढरी गेली. कुंपणाशी मूठभर पिसं, बाकी काही नाही. मग एक तुरेवाली. कोण नेतंय, कुणी पाहिलं नाही. मग सासूबाई डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, "जावईबापू, तुमच्या हातात कला आहे. काहीतरी करा."

आता मी गादीवाला माणूस. मला कोंबडीतलं काय कळतं? पण बायको शेजारी उभी होती, ती माझ्याकडे बघत होती, आणि असं बघितल्यावर माणूस काहीतरी करतोच.

पहिलं काम म्हणजे खुर्चीला पिंजरा. गेलो हार्डवेअरवाल्याकडे. म्हटलं, "कोंबडीची जाळी द्या." त्यानं दिली. मी म्हटलं, "यातून जनावर आत येणार नाही ना?" तो म्हणाला, "येईल की!"

"म्हणजे?"

"ही कोंबडीची जाळी. कोंबडी बाहेर जात नाही. बाकीच्यांचं मी सांगत नाही. भोकं बघा, हात जातो आत. तोंड जातं. ओढतं, संपलं."

"मग द्या की बारीक भोकांची!"

"ती उंदराची जाळी."

"तिनं कोंबडी वाचेल?"

"कोंबडी वाचायची असेल तर उंदराचीच घ्या."

कोंबडीची जाळी कोंबडी वाचवत नाही, उंदराची वाचवते, मग मारायला काय बदकाची घ्यायची? घेतली उंदराची. खुर्चीभोवती चारी बाजूंनी आणि वरून ठोकली, पुढे छोटं दार, त्याला दोन कड्या. पिंजऱ्यावर जुनी चादर टाकली, आत अंधार केला. मास्तरीण एक डोळा उघडून बघत होती, जणू मी परीक्षेला बसलोय.

आणि तेवढ्यात आले कर्नल. आमचे शेजारी. हे कर्नल म्हणजे सैन्यातले वगैरे नव्हेत बरं का! आयुष्यभर सिनेमाच्या दारात तिकिटं फाडली. पण मिशा अशा भरघोस, हातात तो लांब टॉर्च, आणि बोलणं असं, की लोक घाबरून आपापल्या खुर्चीत जाऊन बसायचे. तेव्हापासून कर्नल. त्यांचा एक सोफा माझ्याकडे दुरुस्तीला पडलाय, किती दिवस ते विचारू नका. शेडच्या कोपऱ्यात आहे, खालचं कापड फाटलंय. रोज विचारतात, "मिस्त्री, सोफा?" रोज मी सांगतो, "उद्या." आता इतकी सवय झालीय, की सोफा खरंच दिला तर आम्ही बोलणार काय, हा प्रश्न आहे.

कर्नल म्हणाले, "मिस्त्री, आता हे माझ्यावर सोडा. शत्रू कोण ते आधी ठरवू."

आणि शत्रू ठरवायला म्हणून यांनी अंगणभर पीठ पसरलं! आमच्या घरातलं! पाऊल उमटेल म्हणे, पावलावरून जनावर ओळखू. दुसऱ्या दिवशी सकाळी कर्नल जमिनीशी नाक लावून ओरडतायत, "सापडला! मोठं जनावर आहे! चपट्या पावलाचं! एक पाय ओढत चालतंय!" बायको म्हणाली, "काका, तुमची चप्पल बघू." चप्पल पिठानं पांढरी! त्यावर सासूबाई बाहेर आल्या, त्यांनी पीठ बघितलं, कर्नलकडे बघितलं, आणि इतकंच म्हणाल्या, "आज तुमच्याकडे पोळ्या कराल ना, त्यातल्या चार आमच्याकडे पाठवा." कर्नल दोन दिवस फिरकले नाहीत.

तिसऱ्या दिवशी आले ते नवीन शोध घेऊन. "मिस्त्री, घार! वरून येतेय!" म्हणून गाण्यांच्या जुन्या चकाकत्या सीड्या दोरीला बांधून अंगणावर टांगल्या. घार आली नाही, पण त्या सीड्यांचे कवडसे भिंतीवर असे नाचायला लागले, की कोंबड्यांनी दिवसभर अंडं म्हणून घातलं नाही, आणि सासूबाईंना चक्कर आली. सीड्या उतरवल्या. मग, "मिस्त्री, बोका! बोक्याला माणसाचा आवाज सहन होत नाही." म्हणून खुराड्यापाशी रेडिओ! सकाळ-संध्याकाळ शेअर बाजार, आरोग्यविषयक सल्ला आणि बाल्कनीत भाजी कशी लावावी. बोक्याचं माहीत नाही, पण सासूबाई तिथेच पाट टाकून बसायला लागल्या, आणि जेवताना मला विचारायला लागल्या, "जावईबापू, तुमचा रक्तदाब किती हो?"

कोंबड्या जातच होत्या.

आणि इकडे फोन! "काका, मी डॉक्टर बोलतेय. खुर्चीचं काम कुठवर आलं?"

आता काय सांगणार? मी म्हटलं, "मॅडम, बसलंय."

"बसलंय? छान! म्हणजे झालं?"

"नाही, म्हणजे... बसलंय, पण अजून उठायचंय."

"म्हणजे?"

"आतला माल आहे ना मॅडम, त्याला ऊब द्यावी लागते. घाई केली की थंड पडतो." आणि यातला एक शब्द खोटा नव्हता हो! बाई बिचाऱ्या म्हणाल्या, "तुम्ही जुने कारागीर, तुम्हाला कळतं. फक्त माझे बाबा येतायत पुढच्या आठवड्यात. ते दादाकडे असतात. त्यांना त्या खुर्चीशिवाय डुलकी लागत नाही, तेवढं लक्षात ठेवा." मला असं कानकोंडं झालं! म्हातारा माणूस तिकडे डुलकीसाठी ताटकळतोय, आणि त्याच्या जागी इकडे मास्तरीण घोरतेय!

शेवटी मी ठरवलं, कर्नलचं ऐकायचं नाही. आपल्याला काय येतं? ठोकता येतं. ठोकायचं! सगळ्या अंगणालाच उंदराची जाळी. हार्डवेअरवाला म्हणाला, "नुसती उभी करू नका, खणून घेतं जनावर. हातभर जमिनीत पुरा, आणि तळाशी बाहेरच्या बाजूला वळवा." खणलं! या वयात! कंबर अशी धरली, की मी आठवडाभर काटकोनात हिंडत होतो, लोक मला वाकून नमस्कार करत होते, त्यांना वाटायचं मी आधी केला. खणताना कुंपणाच्या कडेला एक बीळ लागलं. हे एवढं. आत हात घालायची काही छाती झाली नाही, टॉर्च मारला, रिकामं. कर्नल म्हणाले, "शत्रूचं ठाणं! पळाला!" आम्ही दोघांनी दगड घालून ते बुजवलं, वर उड्या मारल्या. केवढा आनंद! मी जाळीचं शेवटचं टोक ठोकलं आणि सगळ्यांसमोर, ऐका, सगळ्यांसमोर, छाती काढून म्हणालो, "आई, आता बाहेरून मुंगीसुद्धा आत येणार नाही!"

हे वाक्य. हे वाक्य मी का बोललो?

दुसऱ्या दिवशी दुपारी काळी तलंग, म्हणजे तरणी कोंबडी हो, गायब. आणि खुराड्यातली त्या दिवशीची सगळी अंडी!

अंगणात आम्ही चौघं उभे. जाळीला कुठे भोक नाही, दाराची कडी लागलेली. सासूबाई हळूच म्हणाल्या, "बाहेरून मुंगीसुद्धा येणार नाही, असं तुम्हीच म्हणालात ना, जावईबापू?"

"हो."

"मग आतलंच कोणीतरी."

आणि तिघंही माझ्याकडे बघायला लागले.

माझ्याकडे! अहो, मी! मी म्हटलं, "आई, मी कोंबडी खाल्ली? पिसांसकट? दुपारी?" सासूबाई म्हणाल्या, "मी कुठे काय म्हणाले?" हे बघा, 'मी कुठे काय म्हणाले' हे वाक्य ज्याला सासूकडून ऐकावं लागलंय, त्यालाच कळेल. त्यात कर्नल! ज्याच्याबरोबर मी बिळावर उड्या मारल्या, तो माणूस टॉर्च माझ्या तोंडावर धरून विचारतो, "मिस्त्री, दुपारी कुठे होता?" भर उन्हात टॉर्च! आणि घरात गेल्यावर बायको जवळ आली. मला वाटलं, हिला तरी विश्वास आहे. जवळ आली, अगदी जवळ, आणि माझ्या तोंडाचा वास घेतला!

"अगं!"

"नाही, सहज."

सहज! इतक्या वर्षांचा संसार, सहज!

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी ट्रंक बाहेर काढली. "मास्तरणीची पिल्लं निघाली की मी जाते हो. माझ्यामुळे तुम्हाला त्रास. कोंबड्याही डोळ्यांवर येतात कुणाकुणाच्या." बायको माझ्याशी बोलेना. जेवण वाढलं तेही भिंतीकडे बघून. तुम्हाला सांगतो, वरवर मी चेष्टा करतोय, पण त्या रात्री मला घास गेला नाही. घरातलं माणूस आपल्यामुळे ट्रंक भरतंय, आणि आपण केलेलं काहीच नाही! आणि सांगणार कुणाला? मी गादीवाला माणूस. मला कोंबडीतलं काय कळतं? कोंबडी खाल्ली नाही, हे तरी सिद्ध कसं करतात?

एकच विचार केला. निदान मास्तरणीची पिल्लं आपण सुखरूप काढून दाखवायची. मग कोण काय म्हणायचं ते म्हणू दे.

आणि तो दिवस आला. सकाळपासून चादरीआडून बारीक बारीक आवाज... चिव... चिव... अंड्याच्या आतून! मी कान लावून ऐकलं. खरं सांगू? अंगावर काटा आला. सासूबाई म्हणाल्या, "आज निघतील. ती आज उठली तर घटकाभरच उठेल, तेव्हा पिंजऱ्याचं दार लगेच लावा." दुपारी सासूबाई आडव्या झाल्या, बायको आत. मी शेडमध्ये, हातात दुसऱ्याच एका स्टुलाचं काम, तोंडात मूठभर चुका. आम्ही चुका तोंडातच धरतो, जिभेनं एकेक पुढे ढकलायची, हातोडीच्या चुंबकाला चिकटवायची आणि ठोकायची, हात मोकळा राहतो. तेवढ्यात मास्तरीण उठली, अंग झटकलं, पिंजऱ्याच्या दाराशी येऊन माझ्याकडे बघितलं. मी दार उघडलं. ती तोऱ्यात अंगणात गेली. मी दार लावायला वळतो, तर शेडच्या रस्त्याकडच्या दारात...

"काका! सरप्राइज!"

डॉक्टरीणबाई!

आता तोंडात चुका. बोलता येईना. मी म्हटलं, "म्म्म!"

"म्हटलं स्वतःच बघून यावं. कुठेय बाबांची खुर्ची?"

"म्म्म्म!" मी चादरीसमोर हात पसरून उभा. चादरीच्या आतून, चिव... चिव...

"काका, ही खुर्ची कुरकुरतेय की चिवचिवतेय?"

आता यांना दुसरीकडे न्यायला हवं ना? मी घाईघाईनं कोपऱ्यातल्या कर्नलच्या सोफ्याकडे बोट दाखवलं, बसा, बसा, आधी बसा! बाई बसल्या.

सोफा किंचाळला.

तुम्हाला सांगतो, मी आयुष्यात हजारो स्प्रिंगांचे आवाज ऐकले असतील. कुरकुर, करकर, ट्वांग! पण असा आवाज? च्चिर्र्र्र्र! बाई टुणकन उठल्या, आणि सोफ्याच्या फाटक्या कापडातून, त्यांच्या दोन पायांच्या मधून, लांबलचक, करड्या रंगाचं, झुपकेदार शेपटीचं... मुंगूस!

मुंगूस! माझ्या शेडमध्ये! कर्नलच्या सोफ्यात! अहो, डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आम्ही ज्याचं बीळ बुजवलं, वर उड्या मारल्या, तो बिऱ्हाड घेऊन आमच्याच घरात राहायला आला होता! मी बाहेरून हातभर खोल जाळी पुरत होतो ती त्याच्यासाठीच, दुसरं कुणी आत येऊन त्याला त्रास देऊ नये म्हणून!

बाई कामाच्या टेबलावर चढल्या. मी आधीच तिथे होतो. मुंगूस शेडभर दोन चकरा मारून थांबलं. नाक वर केलं. चिव... चिव... आणि गेलं सरळ पिंजऱ्याच्या उघड्या दाराकडे.

ओरडावं तर तोंडात चुका! गिळल्या तर मेलो, थुंकल्या तर बाईंच्या पायात. मी नुसता "म्म्म! म्म्म्म!" करून उड्या मारतोय, आणि बाई, त्याही अवस्थेत, माझ्या तोंडात बघून किंचाळतायत, "काका! खिळे! दातांत खिळे! इनॅमल जाईल!" जनावर अंड्यांपाशी पोचलंय आणि यांना माझं इनॅमल!

आणि मग आली मास्तरीण.

आली म्हणजे चालत नाही हो. अंगणाच्या दारातून, जमिनीला पाय न लावता, तोफेच्या गोळ्यासारखी! पंख एवढे, मान लांब, आणि थेट मुंगसाच्या पाठीवर! काय ते पंखांचे फटके, फाट्! फाट्! काय ती चोच! शेडभर काथ्या, कापूस, पिसं, काही दिसेना. मुंगूस बिचारं, हो, बिचारंच, त्यानं असली कोंबडी पाहिली नव्हती. एवढ्या आवाजानं कर्नल धावत आले, दारात ओरडले, "सगळे आपापल्या जागेवर बसा!" सवयीनं हो! आणि स्टुलाला अडखळून आडवे. मुंगूस त्यांच्या मिशांवरून उडी मारून परत सोफ्याखाली. सुर्र्र, आत!

आणि तिथे, तुम्हाला सांगतो, तिथे मला पहिल्यांदा वाटलं, हे आता आपलं क्षेत्र. सोफ्यात काय करायचं ते मला विचारायचं! टेबलावरून उडी, सोफा पाठीवर उलथा, फाटलेलं कापड ताणलं, जिभेनं चूक पुढे, चुंबक, ठोक! चूक, ठोक! चूक, ठोक! इतक्या वेगानं मी आयुष्यात काम केलं नाही. कर्नल जमिनीवर पडूनच म्हणाले, "मिस्त्री, म्हणजे इतका वेळ लागत नव्हता तर सोफ्याला!"

सासूबाई झाडू घेऊन आल्या, मागे बायको. मी शेवटची चूक मारली, तोंड रिकामं झालं, आणि कितीतरी दिवसांचं साठलेलं बोललो, "आई! हा बघा तुमचा चोर! घ्या माझ्या तोंडाचा वास!"

सासूबाई पुढे झाल्या. सोफ्याला कान लावला. मग हळूच हात वर केला, सगळे गप्प. आतून आवाज येत होता. बारीक. एक नाही, तीनचार. चिंइ... चिंइ...

"पिल्लं आहेत हो," सासूबाई म्हणाल्या.

इकडे खुर्चीत मास्तरीण, विस्कटलेली, एक पंख लोंबतोय, पण अंड्यांवर बसलेली, पोटाखालून पहिलं पिल्लू डोकं काढतंय, ओलं, पिवळं. तिकडे सोफ्यात मुंगसाची बाळंतीण. मी मधे. हे माझं दुकान की प्रसूतिगृह? मी गादीवाला माणूस... जाऊ दे. डॉक्टरीणबाई टेबलावरून उतरल्या, पिंजऱ्यापाशी गुडघ्यावर बसल्या. मी म्हटलं, "मॅडम, आतला माल म्हणत होतो ना, तो हाच." मला वाटलं, आता झापतात. तर त्यांच्या डोळ्यांत पाणी! "काका, बाबांना सांगू दे मला हे. आठवडाभर ते पलंगावर झोपतील. तुम्ही हिला उठवू नका." आणि मास्तरणीचा लोंबलेला पंख त्यांनी स्वतः बांधला. दातांना बांधतात त्या तारेनं नव्हे हो, साध्या पट्टीनं.

मग सोफा. आत जनावर, बाहेर आम्ही. टेम्पो बोलावला. तोच तो, कोंबड्या आणणारा. त्यानं विचारलं, "साहेब, आत काय आहे?" मी म्हटलं, "आवाजावरून ओळख." गावाबाहेर जुनी खाण आहे, दगड, काटेरी झुडपं, माणूस फिरकत नाही. सगळे निघालो. सोफ्यावर कर्नल बसले, हलू नये म्हणून, टॉर्च छातीशी धरून, मान ताठ. रस्त्यातली माणसं थांबून बघत होती. खाणीपाशी सोफा सावलीत ठेवला. मी एकेक चूक उपटली, कापड बाजूला केलं, आणि आम्ही सगळे टेम्पोमागे लपलो.

वाट बघतोय... बघतोय... मुंगसाचं तोंड बाहेर आलं. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. आणि परत आत गेलं.

मी म्हटलं, "सोफा जरा हलवू या, म्हणजे निघेल."

"हलवायचं नाही!" सासूबाई म्हणाल्या. "बाळंतीण आहे."

आम्ही सगळ्यांनी कर्नलकडे बघितलं. कर्नलनी टॉर्च काखेत मारला. मग मिशी पुसली, म्हणाले, "असू दे. माझ्याकडे तसंही कोण येतंय बसायला?" आणि वळून चालायला लागले. मला, तुम्हाला सांगतो, त्या माणसाचा एकदम लळा लागला. घरी येताना मीच म्हटलं, "कर्नल, नवीन करून देतो. उद्या." ते म्हणाले, "उद्या?" आणि टेम्पोत सगळे हसले, सासूबाईसुद्धा.

सासूबाईंनी ट्रंक परत आत ठेवली. माफी? छे! सासू जावयाची माफी मागते होय? पण संध्याकाळी त्या शेडमध्ये मास्तरणीला दाणे घालत होत्या, आणि मी ऐकलं, तिला सांगत होत्या, "आमचे जावईबापू तसे बरे आहेत हो." मला नाही सांगितलं. कोंबडीला सांगितलं. पण सांगितलं.

आठ पिल्लं निघाली. खुर्ची झाली, गेली. डॉक्टरीणबाईंचे बाबा तिच्यात बसले ते दुपारभर उठले नाहीत. सगळं छान झालं, इथे गोष्ट संपायला हवी ना? कोणत्याही शहाण्या घरात संपली असती.

पण परवा बघतो तर कर्नल फिरायला निघालेत, हातात पिशवी. म्हटलं, "कुठे?" म्हणाले, "सोफ्याकडे. लहान लहान पिल्लं आहेत, आई एकटी काय काय बघणार?" पिशवीत अंडी! मी म्हटलं, "कर्नल, अहो, कुणाची ही अंडी?" तर म्हणे, "तुमच्या सासूबाईंनीच दिली. रोज देतात." मी घरात गेलो. म्हटलं, "आई, ज्या जनावरासाठी मी अख्खं अंगण खणलं, कंबर मोडून घेतली, माझ्या तोंडाचा वास घेतला गेला, त्याला तुम्ही घरपोच अंडी पाठवता? चटक लागली की परत येईल ते!" सासूबाई म्हणाल्या, "परत येऊ नये म्हणूनच पाठवते हो. तिथेच मिळालं तर इथे कशाला येईल?" मी टेबलापाशी बसलो आणि बायकोला म्हटलं, "बरं, मला एक ऑम्लेट कर."

ती आतून म्हणाली, "अहो, आजची अंडी गेली. तुम्ही बिस्किटं खा ना."